मावशीच्या प्लॉटमधली काणी

वनस्पतींच्या रोगांचा अभ्यास करणारी माणसं थोडी उलट्या काळजाची असतात. शेत हिरवंगार, निरोगी दिसलं की त्यांचा चेहरा पडतो. लातूरला शेतकी कॉलेजात एम.एस्सी. करताना मीही तशीच झाले होते. कुणाच्या भेंडीवर भुरी पडली की मला आनंद, कुणाची तूर उभ्या उभ्या वाळली की मी पिशवी घेऊन हजर. आम्हाला रोगट झाडांचे नमुने गोळा करून, वाळवून, जाड कागदावर चिकटवून द्यावे लागत आणि प्रत्येकाखाली त्या बुरशीचं पूर्ण कुळगोत्र लिहावं लागे. याला म्हणायचं वर्गीकरण. या शब्दाचा मला तेव्हा मनापासून राग यायचा.

रागाला कारण होतं. बुरशा बिचाऱ्या आपल्या जागी असतात, शास्त्रज्ञच त्यांची घरं बदलत राहतात. बाजरीच्या पानांवर येणारा केवडा आम्ही बुरशी म्हणून घोकला, त्यावर परीक्षा दिली, आणि पुढच्या वर्गात मॅडम सांगतात की तो आता बुरशीत धरत नाहीत, त्याचं नातं शेवाळांशी जवळचं आहे. मी वर्गात विचारलं, "मग आमचे मार्क परत घेणार का?" सगळे हसले. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "नुसतं नाव पाठ करू नकोस. रोग कुठून येतो, झाडात कसा राहतो, ते बघ. नाव मागून येतं." सांगायला काय जातं, असं मी मनात म्हटलं आणि वहीत नाव लिहून ठेवलं.

माझ्या गठ्ठ्यात तांबेरा होता, भुरी होती, मर होती, करपा तर नको तितका होता. नव्हती ती ज्वारीची काणी. काणी म्हणजे कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते तो रोग. पूर्वी ती शेतोशेत असायची म्हणे. आता बियाण्याला गंधक चोळून पेरतात, त्यामुळे दिसेनाशी झाली. शेतकऱ्यांचं भलं झालं आणि माझी पंचाईत. तोंडी परीक्षा जवळ आली होती आणि मी लोकांच्या रानात कणसांकडे मान वर करून हिंडत होते.

अशात मुखेडहून मावशीचा फोन आला. "हुरड्याला ये. पण ते तुझं रोगराईचं गाठोडं तिकडंच ठेवून ये. माझ्या रानात तसलं काय बी न्हाई."

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. मुखेडच्या हायस्कुलात तिने सगळी नोकरी गणित शिकवण्यात घालवली. काका गेल्यापासून ती एकटी राहते. रिटायर झाल्यावर लोक काशी-रामेश्वर करतात; हिने बटाईने दिलेली जमीन परत घेतली आणि स्वतः करायला लागली. आदल्या पावसाळ्यात ती मोरीत पाय घसरून पडली आणि शेजारीण येईपर्यंत तशीच पडून राहिली. तेव्हापासून दादाने, म्हणजे तिच्या मुलाने, नांदेडला चल म्हणून धोशा लावला. दादा नांदेडला नोकरी करतो. फ्लॅटमधली एक खोली त्याने तिच्यासाठी रिकामी केली, बाथरूमच्या भिंतीला धरून उठायला स्टीलचा दांडा बसवला आणि त्या दांड्याचा फोटो मोबाइलवर पाठवला. "दांडा बघायला नांदेडला येऊ का?" असा मावशीचा उलट सवाल.

शेवटी मायलेकांत करार झाला. त्या वर्षी मावशीने ज्वारीच्या बियाण्याचा प्लॉट घेतला होता. तिच्या रानातली ज्वारी पुढच्या वर्षी दुसरे शेतकरी पेरणार, म्हणून बियाणे प्रमाणीकरणाचे साहेब पाहणीला येतात आणि शेत शुद्ध, निरोगी असेल तरच पास करतात. ठरलं असं, की प्लॉट पास झाला तर मावशी मुखेडलाच राहील आणि दादा पुन्हा विषय काढणार नाही. नापास झाला तर रान बटाईने द्यायचं, घराला कुलूप लावायचं आणि नांदेड गाठायचं. सगळी हयात पोरांना पास-नापास करण्यात गेलेल्या बाईला हा करार एकदम पसंत पडला. आपण नापास होऊ शकतो ही शंका तिला शिवलीही नसणार.

मी गेले त्या रविवारी दादाही आला होता. साहेब मंगळवारी शेवटच्या पाहणीला येणार होते. प्लॉटच्या आसपास दुसरी ज्वारी असली तर बियाण्यात भेसळ होते, म्हणून हुरड्याची कणसं मावशीने पार ओढ्यापलीकडच्या रानातून आणवली होती. गरम हुरडा, तिळाची चटणी, वर गुळाचा खडा. पोट भरल्यावर मी हात झटकत प्लॉटमध्ये शिरले. काही शोधायचं नव्हतं, नुसती सवय. आणि दोन-तीन ओळी आत गेले तर एका कणसात टपोऱ्या मोत्यासारख्या दाण्यांमधून वाकड्या, लांबट, मळकट नळ्या बाहेर आलेल्या. एक मोडली. काळी भुकटी बोटांवर सांडली.

"काणी!" मी बेंबीच्या देठापासून ओरडले. "मावशी, काणी सापडली! काय सुंदर काणी आहे गं!"

मावशीच्या हातात गुळाचा खडा होता, तो तिने परत डब्यात ठेवला. "प्लॉटात?" एवढंच म्हणाली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दादा बियाण्याच्या नियमांचं पुस्तक वाचून बसलेला. काही काण्यांवर प्लॉट नापास होतो, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

आम्ही तिघांनी रान पालथं घातलं. इकडे एक, तिकडे एक, अशी आणखी काही कणसं निघाली. फार नाही, पण होती. मावशी त्या नळ्यांकडे बघत राहिली. "मी गंधक चोळलं व्हतं गं. हाताचा वास जात न्हवता चार दिवस. मग ही आली कुठून?"

मी बोटांवर मोजायला लागले. ज्वारीच्या काण्या चार. दाणे काणी, मोकळी काणी, झिपरी काणी आणि लांब काणी. ओळीने पाठ होत्या, पण समोरच्या कणसाला त्यांतलं कुठलं नाव लावायचं, तिथे गाडी अडली. लांब काणीचा संशय येत होता. पण दाणे काणीची भुकटी भरलेली बोंडंही कधीकधी लांबट निघतात, हेही वाचलेलं. नुसत्या संशयावर मावशीचं घर पणाला कसं लावायचं?

खरं म्हणजे दादाचं काम जवळजवळ झालं होतं. त्याने खूश व्हायला हवं होतं. तो आईकडे बघत होता. मग खालच्या आवाजात म्हणाला, "आई, ही कणसं मोडून जाळून टाकू. साहेबाला कामून सांगायचं?"

मावशीने त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा सातवीच्या बाकावर जाऊन बसला. "काढायची तर काढूच. ते नियमातच हाय. पण ही दाण्याला लागून गेलेली असली तर? माझ्या पिशवीतून लोकांच्या रानात जाईल की रे. झाकून पास व्हायचं म्हंजे कॉपी. जल्मभर पोरांच्या चिठ्ठ्या धरल्या मी, आता म्हातारपणी स्वतःच चिठ्ठी लपवू?" मग माझ्याकडे वळली. "तू एवढी शिकून राहिलीस ना? मग आधी हे हाय काय ते सांग. नापास तर नापास."

दादाने रजा टाकली आणि तो मुखेडलाच थांबला. मी सोमवारी सकाळच्या पहिल्या एस.टी.त बसले. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन कणसं. शेजारच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "हुरडा काय गं?" मी म्हटलं, "न्हाई, पेशंट हाय." त्या जरा सरकून बसल्या. सगळ्या वाटेत मला एकच दिसत होतं. मावशी नांदेडच्या फ्लॅटच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसलीय आणि खाली वाहनं मोजतेय. इतकी भीती मला माझ्या कुठल्या परीक्षेची वाटली नव्हती.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, पण सूक्ष्मदर्शकाला हात लावला नाही. कणीस फिरवून फिरवून बघितलं. "यात किती दाणे गेलेत?"

"थोडेच. बाकीचे चांगले आहेत."

"दाणे काणी असती तर?"

"बहुतेक सगळं कणीस गेलं असतं."

"का?"

"ती बियाण्याला चिकटून येते. कोंबातून आत शिरते आणि झाडाबरोबर वर चढते. म्हणून..." मी थांबले. "म्हणून गंधकाने मरते."

"आणि लांब काणी?"

"ती हवेतून येते. फुलोऱ्यात. ज्या फुलावर पडेल तेवढाच दाणा जातो." बोलता बोलता माझं मलाच कळत गेलं. मावशीच्या गंधकाला ही बया दादच देणार नव्हती, कारण ती आली तेव्हा गंधक जमिनीखाली होतं.

"आता फोडून बघ," मॅडम म्हणाल्या. नळी उभी चिरली तर भुकटीत बारीक काळे धागे. दाणे काणीत असे धागे नसतात, मधोमध एक कडक दांडी असते. मग काचेवर पाण्याचा थेंब, त्यात चिमूटभर भुकटी, आणि मी डोळा लावला. दाणे काणीचे बीजाणू मोहरी सांडल्यासारखे सुटे सुटे दिसतात. हे तसे नव्हते. साबुदाणा नीट भिजला नाही की खिचडीत गोळे राहतात, तसे गोळेच्या गोळे, एकमेकांना घट्ट धरून. मी काच सरकवत गेले, सरकवत गेले, सगळीकडे गोळे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि समोरचं दिसेनासं झालं.

"लांब काणी," मी म्हणाले.

"लांब काणी," मॅडम म्हणाल्या. "नापास करतात त्या काण्यांत ही धरत नाहीत. तरी मावशींना म्हणावं, कणसं काढून जाळा. पण साहेबांना दाखवायला एखादं ठेवा."

मी व्हरांड्यात जाऊन फोन लावला. मावशीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "परत सांग." मी परत सांगितलं. "माझ्या पिशवीतून कुणाच्या रानात जाणार न्हाई ना?" "नाही गं, ही बियाण्यातून जात नाही." मग लांबून, फोन हातात तसाच ठेवून दादाला मारलेली हाक ऐकू आली. "अरे, ती आपल्या बियाण्याची न्हाई! वाऱ्याची हाय, वाऱ्याची!" हायस्कूलच्या मैदानावर चालणारा तो आवाज. मी व्हरांड्यातल्या पायरीवर बसले आणि एकटीच हसत सुटले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं असेल, हिला नोकरी लागली.

मंगळवारी साहेब आले, तेव्हा त्यांनी काही विचारायच्या आत मावशीने कणीस पुढे केलं. त्यांनी नळी मोडली, धागे बघितले, रुमालाने हात पुसला. "लांब काणी हाय. हिच्यापायी नापास करत न्हाईत बाई. पण स्वतःहून कुणी दाखवत नसतं." ते सगळं रान फिरले आणि जाताना प्लॉट पास करून गेले. मावशीने मला फोनवर हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं की जणू तिला निकाल आधीच माहीत होता. पण मागून दादा सांगत होता, की साहेबाची जीप वळल्याबरोबर ती बांधावर मटकन बसली आणि तिला दोन तांबे पाणी लागलं.

माझी तोंडी परीक्षा बरी झाली. परीक्षकांनी नेमकं तेच कणीस उचललं आणि या काणीचं नाव विचारलं. मी जुनं सांगितलं, नवंही सांगितलं. शास्त्रज्ञांनी मध्यंतरी चारही काण्या एकाच घरात नांदायला बसवल्या, मग कुणी तरी हिला पुन्हा वेगळं काढलं म्हणे. पूर्वी मी यावर चिडले असते. आता वाटलं, खुशाल काढोत. ही वाऱ्याने येते आणि गोळ्यांनी राहते, तेवढं मला कोणी विसरायला लावू शकत नाही.

परीक्षा आटोपून मी मुखेडला गेले, तर दादा मावशीच्या मोरीत ड्रिल मशीन घेऊन उभा होता. नांदेडच्या भिंतीवरचा स्टीलचा दांडा त्याने काढून आणला होता. तिकडे टाइल्सना भोकं पडली ती पडलीच. "करार म्हणजे करार," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. दांडा बसल्यावर त्याने स्वतः लोंबकळून बघितलं, मग बाजूला झाला. मावशी आत आली. दांड्याला धरून खाली बसली, उठली, पुन्हा बसली, सगळा भार टाकून पुन्हा उठली. दादा ड्रिल हातात धरून दारात उभा होता.

"पास," मावशी म्हणाली.