हॉलमधली मोठी जोडी

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. सोफा होता, पण सोफ्यावर स्पीकर होते. खुर्च्यांवर स्पीकरच्या जाळ्या वाळत घातलेल्या. ज्या टीपॉयवर मी चहाचा कप ठेवला तोही स्पीकरच निघाला, आणि सासरे आतून धावत आले. "सूनबाई, लाकडाला डाग पडतो गं," असं म्हणून त्यांनी कपाखाली स्वतःचा रुमाल सरकवला. कप उचल मात्र म्हणाले नाहीत. माणूस वेडा आहे पण भला आहे, हे मला तेव्हाच कळलं आणि पुढे कधी मत बदलावं लागलं नाही.

सासरे लिफ्ट दुरुस्त करायचे. सगळी हयात इमारतींच्या गच्चीवरच्या मोटरच्या खोल्यांत गेली. खोलीचं दार उघडायच्या आधीच, जिन्यात उभं राहून ते सांगायचे की बेअरिंग गेलंय की दोर घासतोय. आमच्या इमारतीत त्यांना अजून सगळे लिफ्टकाका म्हणतात. असेच एकदा एका बंद पडलेल्या हॉटेलातली लिफ्ट उतरवायला ते गेले होते. तिथल्या नाचाच्या हॉलमधले कमरेएवढे उंच दोन स्पीकर भंगारात निघाले होते, ते सासऱ्यांनी मागून घेतले आणि टेम्पोत घालून घरी आणले. सासूबाई ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगतात. "मला वाटलं, एकदाची कपाटं आणली! मी तर कपडे लावायला घेतले होते. तेव्हापासून या दोघी माझ्या सवती."

त्या मोठ्या जोडीवर हात चालवता चालवता सासरे हे काम शिकले. जुन्या स्पीकरची एक खोड असते. कागदाच्या भोंग्याच्या कडेला जो फोम असतो, तो वर्षानुवर्षांनी कुजतो आणि बोट लावलं की भुगा होतो. तो खरवडून काढायचा, नवीन चिकटवायचा. चिकटवताना भोंगा केसभर जरी तिरका बसला तरी आतली कॉइल घासते. म्हणून डिंक ओला असतानाच दोन्ही हातांच्या बोटांनी भोंगा हळूच आत दाबायचा आणि कान लावून बसायचं. सासरे असे कान लावून बसले की घरात मिक्सर लावायची कोणाची हिंमत नसे. आमचे हे लहानपणी त्या वेळी शिंकले म्हणून त्यांना गॅलरीत उभं केलं होतं म्हणे.

स्पीकर चालू झाला म्हणजे काम संपलं, असं मात्र नाही. जोडीतले दोघे सारखे बोलले पाहिजेत. सासरे सोफ्याच्या मधोमध बसायचे, बाईच्या आवाजातलं एक जुनं गाणं लावायचे आणि डोळे मिटायचे. डावा आणि उजवा अगदी जुळले की आवाज दोघांतूनही येत नाही, मधल्या मोकळ्या जागेतून येतो. "मधे माणूस उभा राहिला पाहिजे," असं ते म्हणायचे. तो उभा राहिला की दुसरी परीक्षा. एक खटका होता, तो दाबला की तेच गाणं दुरुस्त जोडीतून मोठ्या जोडीवर जायचं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मोठी जोडी म्हणजे घरचं माप. तिच्याशी जुळलं की पास, नाही जुळलं तर मागची फळी पुन्हा उघडायची. निवृत्त झाल्यावर तर लांबलांबून माणसं आपापल्या बापाचे, काकांचे स्पीकर उचलून आणू लागली आणि आमचा जिना हमालांना तोंडपाठ झाला.

सगळं असं छान चाललं होतं आणि एक दिवस दाताचे डॉक्टर परत आले.

त्यांची जोडी सासऱ्यांनी आठवड्यापूर्वीच दिली होती. डॉक्टर सज्जन माणूस, बूट काढून आत आले, पाणी प्यायले, आणि मग अवघडून म्हणाले, "काका, लाकूडकाम तर फर्स्ट क्लास झालंय. पण कानाला टोचतंय हो. बायको उठून दुसऱ्या खोलीत जाते."

"बसेल हळूहळू," सासरे म्हणाले. "नवीन आहे ना सगळं आतलं."

"मी वाट पाहिली. पण माझी आई म्हणते, बाबांच्या वेळी असं नव्हतं."

स्पीकर ठेवून घेतले, पण डॉक्टरांची पाठ वळताच सासरे फुगले. "दिवसभर लोकांच्या दाढा कोरायच्या. ते मशीन कानाशी किंचाळत असतं. त्याचेच कान गेलेत, आणि नावं माझ्या कामाला!"

"नाचता येईना अंगण वाकडं," सासूबाई आतून म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या ते त्यांनी सांगितलं नाही.

रविवारी सकाळी सासऱ्यांनी आम्हा सगळ्यांना सोफ्यावर बसवलं. खटका दाबून दाखवला. डॉक्टरांची जोडी, मोठी जोडी. मोठी जोडी, डॉक्टरांची जोडी. "आहे काही फरक? सांगा."

फरक नव्हताच. दोन्ही जोड्या सारख्याच टोचत होत्या. गाण्यात 'स' आला की सुरी दगडावर घासल्यासारखं वाटत होतं. आमच्या ह्यांनी छताकडे बघितलं. बापासमोर हा माणूस नेहमीच छताकडे बघतो. मग मीच म्हटलं, "बाबा, दोन्हीकडे 'स' फार बोचतोय."

"दोन्हीकडे? मोठ्या जोडीवर पण?"

"हो."

"म्हणून तर मी स्वयंपाकघराचं दार लावून घेते," सासूबाई म्हणाल्या. "मागे तुम्ही हिला उघडून काहीतरी केलंत ना, तेव्हापासून. तुम्हाला वाटतं मी रुसले."

सासरे उठले. त्यांच्याकडे सूर काढणारं एक मशीन होतं, गोल चकती फिरवली की आवाज खालून वर चढत जातो. ते त्यांनी जोडलं. "ऐकू येतंय तोवर हात वर ठेवा. थांबलं की खाली घ्या," म्हणाले, आणि स्वतःही एक हात वर करून, डोळे मिटून, दुसऱ्या हाताने चकती फिरवू लागले. सूर चढला, शिट्टीसारखा झाला, मग बारीक होत गेला. सासऱ्यांचा हात खाली आला. त्यांनी डोळे उघडले.

आमच्या तिघांचेही हात वर होते.

ते आमच्या हातांकडे बघत राहिले. मला कधी नव्हे ती स्वतःच्या चांगल्या कानांची लाज वाटली. पण तेव्हा हात खाली घेणं म्हणजे त्यांना फसवणं झालं असतं, म्हणून घेतला नाही. त्यांनी चकती आणखी थोडी फिरवली, मग मशीन बंद केलं आणि वायर नीट गुंडाळून ठेवली.

पुढचं त्यांनीच उलगडून सांगितलं, इतक्या शांतपणे की मला ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. वय झालं तसे वरचे बारीक आवाज त्यांना कमी येऊ लागले होते. मोटरच्या खोल्यांनीही आपला वाटा उचलला असणार. पण हे असं हळूहळू जातं की ज्याचं जातं त्याला पत्ताच लागत नाही. त्यांना वाटलं, मोठी जोडीच मंद झालीय. म्हणून त्यांनी तिच्यातल्या, बारीक आवाज काढणाऱ्या छोट्या स्पीकरला जाणारा आवाज अडवणारा रेझिस्टर बदलून हलका घातला, म्हणजे वरचे आवाज मोकळे सुटले. कानाला पुन्हा सगळं पूर्वीसारखं झालं. आणि मग घरात आलेली प्रत्येक जोडी ते या बिघडलेल्या मापाशी जुळवत राहिले. "फूटपट्टीच ताणली मी," ते म्हणाले, "आणि कापड आखूड म्हणून लोकांना ओरडतोय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबल आवरलं. डिंकाच्या बाटल्या, पकडी, सोल्डरिंग आयर्न, सगळं खोक्यात. डॉक्टरांना फोन करून दुसरा माणूस शोधा म्हणाले. कानाच्या डॉक्टरकडे आम्ही नेलं, तर त्यांनी वयाच्या मानाने उत्तम आहे म्हणून पाठ थोपटली. सासऱ्यांना त्याचा उपयोग शून्य. ते पेपर वाचत बसायचे. एकच पान किती वेळ वाचावं माणसाने! घर इतकं गप्प झालं की मी मुद्दाम मिक्सर लावला, आणि ते "बंद कर" म्हणाले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

शेवटी सासूबाईंचा पारा चढला. "अहो, मला वास येईनासा होऊन किती काळ लोटला? त्या तापानंतर गेला तो गेलाच. दूध नासलंय का, भाजी करपतेय का, मला कळतं? सुनेला हाक मारते, नाक लाव म्हणते. मी सोडला का स्वयंपाक?"

"स्वयंपाक वेगळा."

"हो ना. स्वयंपाक रोज करावा लागतो. काढा ते खोकं."

आणि त्या स्वतः सोफ्याच्या मधोमध जाऊन बसल्या. इतक्या वर्षांत त्या जागेवर त्या कधी बसल्या नव्हत्या. हात मांडीवर घेऊन, फोटो काढायला बसल्यासारख्या ताठ. "लावा तुमचं गाणं. टोचलं की सांगते."

त्यानंतर दोन-तीन दिवस जे चाललं ते तिकीट लावण्यासारखं होतं. सासऱ्यांना हवे होते आकडे. सासूबाईंना दिसत होती बाई.

"ही दातांतून बोलतेय."

"किती? थोडं का जास्त?"

"मला काय माहीत? दातांतून म्हणजे दातांतून."

सासरे रेझिस्टर बदलायचे. पुन्हा गाणं.

"आता तोंडावर पदर धरून बोलतेय."

"जास्त झालं का?"

"जरा. डावीकडची तर रडून आल्यासारखी वाटते."

"डावीकडची, उजवीकडची असं नसतं गं. ती एकच बाई आहे!"

"मग तसं ऐकवा ना!"

सासरे डोकं धरायचे, पुटपुटायचे, पण हात चालत होते. हळूहळू त्यांना भाषा कळायला लागली. दातांतून म्हणजे एवढा रेझिस्टर, पदर म्हणजे तेवढा. आणि एका दुपारी सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. गाणं अर्ध्यावर आलं तरी गप्प. सासरे घाबरले. "काय झालं?"

"शू," त्या म्हणाल्या. "समोर बसलीय ती. गाऊ दे तिला."

डॉक्टर जोडी घेऊन गेले आणि संध्याकाळी त्यांच्या आईचा फोन आला. काय बोलल्या ते सासऱ्यांनी सांगितलं नाही, पण जेवताना त्यांनी दोनदा भात मागून घेतला. आधी दिलेल्या जोड्याही त्यांनी एकेक करून परत मागवल्या आणि सासूबाईंच्या हाताखालून, म्हणजे कानाखालून, घालून धाडल्या.

राहिली ती मोठी जोडी. तिच्याभोवती सासरे नुसते फिरत होते, हात लावत नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, "ही पहिल्यासारखी केली की तुम्हाला बरोबर ऐकू येईल. मला मात्र कायम पांघरुणातून ऐकल्यासारखं. ही एकच आहे बघ, जिच्यातून मला सगळं ऐकू येतं."

सासूबाईंनी ते ऐकलं. "मग राहू द्या की तशीच," त्या पटकन म्हणाल्या. "जगाच्या दुरुस्त करा. ही तुमच्या कानाची असू दे. मला सवय झालीय."

एरवी सवत म्हणून बोटं मोडणारी बाई हे बोलली, म्हणजे बघा. सासऱ्यांनी मान हलवली, आणि मला वाटलं विषय संपला.

मग एकदा मी ऑफिसमधून लवकर आले तर दोन्ही मोठ्या स्पीकरच्या मागच्या फळ्या जमिनीवर, आणि सासरे आत डोकं घालून बसलेले. काढलेला कुठलाही भाग ते फेकत नाहीत, मूळचे रेझिस्टर त्यांनी डब्यातून शोधून काढले होते. मी टॉर्च धरला. "बाबा, नक्की ना?" मी विचारलं.

"घरात ऐकणारी माणसं चार," ते आतून म्हणाले. "तिघांचं बिघडवून एकाचं काय सुधारायचं? टॉर्च जरा डावीकडे घे."

फळ्या लागल्या. त्यांनी तेच गाणं लावलं आणि आपल्या जागी जाऊन डोळे मिटले. खोलीत असा आवाज भरला की मी पर्स खांद्यावरच ठेवून उभी राहिले. इतकं सुंदर मी त्या घरात ऐकलं नव्हतं. आणि सासऱ्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं की ते सुंदर त्यांच्यापर्यंत पोचत नाहीये. मला भडभडून आलं. ज्याने केलं त्यालाच नाही, याचा रागही आला, पण राग धरावा असं समोर कोणीच नव्हतं.

सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. दारातच थबकल्या. मग येऊन त्यांच्या शेजारी बसल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "गाण्याच्या आधी हिने श्वास घेतला."

"कुठे?"

"आत्ताच. थांबा, परत घेईल." त्यांनी एक बोट वर केलं. "घेतला."

"मला नाही आला."

"मी सांगते ना. आता मागे कोणीतरी तारेवरून बोट ओढलं. बारीकसं. आता हिचे ओठ मिटले." त्या थांबल्या, आणि एकदम हसल्या. "अहो, ही गाता गाता हसतेय! एवढी वर्षं लावताय हे गाणं, मला कधी सांगितलं नाहीत ते?"

"सांगायचो," सासरे म्हणाले. "तू आत असायचीस."

त्या बोट वर करत होत्या आणि सांगत होत्या, आणि सासरे डोळे मिटून मान हलवत होते. गाणं संपलं. सासऱ्यांनी उठून सुई पुन्हा तबकडीच्या सुरुवातीला ठेवली आणि जागेवर येऊन बसले.

"पहिल्यापासून," ते म्हणाले, "आणि जरा सावकाश सांग. मघाचा तो श्वास माझा निसटला."