डच कोच आणि आमचं 'नको'

आमच्या डच शेजाऱ्याकडे मी पहिल्यांदा चहाला गेले, तेव्हा त्याने बिस्किटांचा डबा उघडून माझ्यापुढे धरला. मी रीतीप्रमाणे "नको, नको" म्हणाले. त्याने मान डोलावली, झाकण लावलं आणि डबा कपाटात ठेवून दिला. वर बदाम लावलेली जाड बिस्किटं होती. पुढचा तासभर मी त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होते आणि डोळे कपाटावर होते.

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकमध्ये इतकी वर्षं काढूनही मला हा अनुभव नवा होता. इंग्रज माणूस निदान "आर यू शुअर?" असं एकदा तरी विचारतो. आपल्याकडे तर तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय कुणी पानात काही वाढून घेत नाही. डच माणूस मात्र एकदाच विचारतो आणि तुमच्या उत्तरावर विश्वास ठेवतो. इतका विश्वास माझ्यावर माझ्या आईनेसुद्धा कधी ठेवला नव्हता.

हा शेजारी साठीकडे झुकलेला, दाराची चौकट भरून टाकणारा उंच माणूस. एके काळचा फुटबॉलपटू, तोही डिफेंडर, म्हणजे गोल मारण्यापेक्षा दुसऱ्याला मारू न देणारा. हॉलंडमधल्या एका छोट्या गावच्या संघातून त्याने सुरुवात केली, मग ग्लासगोजवळच्या एका क्लबात आला आणि मग गुडघा जाईपर्यंत इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजनमध्ये खेळत राहिला. पुढे मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, झाला. दोन ठिकाणी झाला आणि दोन्हीकडची नोकरी जिभेपायी गेली. एका क्लबच्या मालकाला त्याने सांगितलं की तुमच्या जावयाला चेंडू आणि कलिंगड यांतला फरक कळत नाही. दुसऱ्या ठिकाणी संघ हरल्यावर वार्ताहराने कारण विचारलं, तर म्हणाला, "आम्ही वाईट खेळलो आणि पुढच्या शनिवारीही वाईटच खेळू." खेळलेही म्हणे. त्यानंतर त्याला कुणी बोलावलं नाही.

आमची ओळख झाली तेव्हा तो एका गार्डन सेंटरमध्ये कामाला होता. डच आहे म्हणून त्याला फुलांच्या विभागात उभं केलं होतं आणि त्याला फुलांतलं ओ की ठो कळत नव्हतं. "हे झाड घेऊ नका, तुमच्याकडे मरेल," असं तो गिऱ्हाइकांना तोंडावर सांगायचा. लोक घाबरून दुसऱ्या रांगेत जायचे.

आता माझ्या नवऱ्याबद्दल. हा कोल्हापूरचा. तिथलं फुटबॉलचं वेड बाहेरच्याला सांगून कळत नाही. पेठापेठांचे, तालमी-तालमींचे संघ, आणि सामना हरला की गल्लीत कुणाला जेवण जात नाही. नवरा तरुणपणी तालमीच्या संघात बचावाला खेळायचा, आणि त्याचं खेळणं थांबलं तरी त्याबद्दलचं बोलणं थांबलेलं नाही. इथे आमच्या मराठी मंडळाच्या चाळिशीपुढच्या पुरुषांचा संघ आहे. सगळे आयटीवाले. रविवारी सकाळी कौन्सिलच्या पिचवर खेळतात आणि सोमवारी पाठ धरून वर्क फ्रॉम होम करतात.

एका रविवारी शेजारी कुत्र्याला फिरवता फिरवता थांबला आणि यांचा खेळ बघत राहिला. शेवटी म्हणाला, "तुम्ही सगळे भयंकर खेळता." मग नवऱ्याकडे बोट दाखवून, "हा फक्त स्लो आहे." नवरा घरी आला तो हवेत तरंगतच. पुढच्या आठवड्यापासून शेजारी संघाचा कोच झाला. सगळे त्याला 'कोच'च म्हणू लागले आणि मीही.

पहिल्याच महिन्यात माशी शिंकली. कोचने नवऱ्याला विचारलं, "कॅप्टन होतोस का?" नवऱ्याने छातीवर हात ठेवला, मान तिरकी केली आणि म्हणाला, "नको, नको. एखाद्या यंग माणसाला द्या." कोच म्हणाला, "ओके," आणि त्याने कॅप्टनची पट्टी शेजारी उभ्या असलेल्या, नागपूरच्या चष्मेवाल्या टेस्टिंग मॅनेजरच्या दंडावर चढवली.

नवरा घरी येऊन जो फुगून बसला, तो बसलाच. रविवारची प्रॅक्टिस बंद. "मला काय, मी घरी सुखी आहे," म्हणत लॉनमधलं गवत उपटत बसायचा. बिचाऱ्या लॉनला टक्कल पडायची वेळ आली.

आणि नेमक्या याच वेळी कोचचं नशीब उघडायची वेळ आली. जवळच्या एका गावच्या अर्ध-व्यावसायिक क्लबला मॅनेजर हवा होता. कोचचं फुटबॉलचं ज्ञान त्यांना ठाऊक होतं, पण त्याची जीभही ठाऊक होती. क्लबचा चेअरमन म्हणाला, तू माणसांशी कसा वागतोस ते मला बघायचंय, तुझी जी टीम असेल ती दाखव. कोचची टीम म्हणजे आम्ही. शेजारच्या रीडिंग गावच्या मराठी मंडळाबरोबर आमचा दरवर्षीचा सामना होता, त्याला चेअरमन येणार असं ठरलं.

त्या संध्याकाळी कोच आमच्या स्वयंपाकघरात बसून सरळ म्हणाला, "ही माझी शेवटची संधी आहे. यानंतर मला कुणी विचारणार नाही. मरेपर्यंत मी कुंड्या विकीन." त्याच्या आवाजात रडगाणं नव्हतं.

"मग माझ्या नवऱ्याला परत बोलवा ना," मी म्हटलं. "तुमच्याकडे डिफेन्समध्ये दुसरं आहे कोण?"

"त्याने नाही म्हटलं."

रीडिंगहून वीकेंडला आलेली आमची लेक तिथेच फोनवर बोटं चालवत बसली होती. ती इथेच जन्मलेली, वकिलीचं शिकते. तिने मान वर केली. "कोच, यू आस्क्ड हिम वन्स? बाबाला थ्री टाइम्स विचारायला लागतं. फर्स्ट नो इज मॅनर्स. सेकंड नो इज ऑल्सो मॅनर्स. थर्ड टाइमला खरा उत्तर येतो." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, हे त्याला कोणी सांगितलाच नाही? दॅट्स सो अनफेअर."

मी प्रात्यक्षिकच दाखवलं. वाटीत तांबडा रस्सा वाढला. कोच एक वाटी संपवून "नो, थँक यू" म्हणाला, मी दुसरी वाढली. तो पुन्हा नाही म्हणाला, मी तिसरी वाढली. त्याचं नाक गळायला लागलं, डोळे लाल झाले, पण मुद्दा डोक्यात शिरला. तसाच उठून तो मागच्या लॉनवर गेला आणि गवत उपटणाऱ्या नवऱ्यासमोर उभा राहिला.

"माझ्यासाठी खेळ."

"नको हो, मी आता म्हातारा झालो."

"खेळ."

"आहेत की तुमचे कॅप्टनसाहेब."

"प्लीज, खेळ."

"आता तुम्ही एवढं म्हणताय, तर मी कोण नाही म्हणणारा?" असं म्हणत नवरा उठला आणि थेट माळ्यावर बूट शोधायला गेला. कोच बराच वेळ तिथेच उभा होता. त्याला बहुधा प्रश्न पडला असेल की असे लोक संगणक कसे चालवतात.

सामना जसा व्हायचा तसाच झाला. आमचे दोघे जण एकाच चेंडूपाशी पोचले आणि "घ्या ना," "छे, तुम्ही घ्या," असं करत थांबले. तेवढ्यात रीडिंगच्या एका जाड्या काकांनी तो घेतला आणि गोल मारला. पूर्वीचा कोच असता तर दोघांची सालटी काढली असती. या वेळी त्याने दात आवळून, लाडीगोडीने सांगितलं, "पुढच्या वेळी कुणीतरी एकाने घ्या. प्लीज." चेअरमन फ्लास्कमधला चहा पीत गालातल्या गालात हसत होता. नवऱ्याने त्यानंतर एकही माणूस पुढे जाऊ दिला नाही. बायको म्हणून मी त्याचं सहसा कौतुक करत नाही, पण त्या दिवशी तो सुंदर खेळला. शेवटी आमच्याही एकाने कसाबसा एक गोल मारला आणि सामना बरोबरीत सुटला.

आम्ही सगळे बाजूला उभे राहून कान देऊन ऐकत होतो. चेअरमन कोचजवळ आला आणि म्हणाला, "जॉब तुझा आहे. हवा आहे का?"

कोचने छातीवर हात ठेवला. मान तिरकी केली.

"नो, नो," तो म्हणाला. "तुमच्याकडे माझ्यापेक्षा चांगली, तरुण माणसं असतील."

"आर यू शुअर?" चेअरमनने विचारलं.

"क्वाइट शुअर," कोच म्हणाला आणि हसतमुखाने तिसऱ्या प्रश्नाची वाट बघू लागला.

पण इंग्रजांचे प्रश्न दोनच असतात. चेअरमनने वाईट वाटल्यासारखा चेहरा केला, हात मिळवला आणि तो कार पार्ककडे निघाला. कोच तसाच उभा. हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण हळूहळू ते विझायला लागलं. हात दाखवून अवलक्षण, आणि तो हात दाखवायला शिकवलं होतं आम्हीच. लेकीने तोंडावर हात ठेवला. मला तर जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. कोच ओरडून त्याला थांबवूही शकला असता, पण बहुधा तेही रीतीत बसत नसेल, असं त्याला वाटलं.

धावला तो माझा नवरा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. 'नको' खरं धरलं गेलं की कसं वाटतं, ते त्या पिचवर त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? चिखलाने माखलेले पाय, पोट पुढे, आणि हा स्लो माणूस कार पार्कमधून असा सुटला, की कोल्हापूरच्या मैदानावरही कधी सुटला नसेल. निघालेल्या गाडीसमोर त्याने दोन्ही हात पसरले. काच खाली झाली.

"सर," तो धापा टाकत म्हणाला, "वन मोअर टाइम. प्लीज आस्क हिम वन मोअर टाइम."

"पण तो दोनदा नाही म्हणाला."

"येस, येस! म्हणूनच!"

चेअरमनला काय कळलं देव जाणे. पण तो उतरला, चालत परत आला आणि त्याने तिसऱ्यांदा विचारलं. कोचने तोंड उघडलं, तशी आमची अख्खी टीम, रीडिंगच्या जाड्या काकांसकट, एका आवाजात ओरडली, "येस म्हण!"

"येस," कोच म्हणाला.

गाडी गेल्यावर तो नवऱ्याकडे आला. नवरा गवतावर आडवा पडून श्वास गोळा करत होता. कोच त्याच्याजवळ खाली बसला. गुडघ्यामुळे त्याला बसायला वेळ लागला.

"मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागे धावलो," तो म्हणाला. "तेच माझं काम होतं. माझ्यासाठी कधी कुणी धावलं नव्हतं. थँक यू."

हे त्याने नेहमीच्याच आवाजात सांगितलं, झाड मरेल म्हणून सांगायचा तसं. नवरा नुसताच "नको, नको, थँक यू कसलं," असं पुटपुटला. कोचने ते अजिबात ऐकलं नाही. पुन्हा म्हणाला, "थँक यू." आणि मग पुन्हा एकदा.