लंकाबाईने राखलेला चीक

खोटं कशाला बोलू, लंकाबाईला मी आधी पक्की चिकट बाई समजले होते. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं!

त्याचं असं झालं. ऐंशी-एक्क्याऐंशी साल असेल, आम्ही आडगावात नव्यानेच राहायला गेलो होतो. पावसाचे दिवस. शेजारच्या लंकाबाईची जर्सी गाय व्याली. गाय व्याली की गल्लीत घरोघरी चीक पोचायचा, ही तिथली रीतच. मी आपली गूळ किसून, वेलदोडे कुटून खरवसाच्या तयारीत. पण चीक काही येईना. शेवटी पातेलं घेऊन मीच गेले. लाज कसली त्यात!

बघते तर ही ठेंगणी बाई पदर खोचून गोठ्यात बसलेली. बोट वासराच्या तोंडात आणि समोर चिकाची वाटी.

"मालनताई, पातेलं माघारी न्या. ह्यो चीक वासराचा हाय."

"अगं लंके, सगळा?"

"त्याचं पोट भरू द्या. उरला तर बघू."

तेवढ्यात तिची सासू, कुसाबाई, ओट्यावरून कडाडली, "जार पडला नाय अन् पाजाया बसली! आमी कधी पाजलं का असं?"

"नाय पाजलं, आत्याबाई. म्हणून तर आधीची दोन्ही वासरं हगवणीनं गेली."

जार, म्हणजे गाईची वार, पडेपर्यंत वासराला तोंड लावू द्यायचं नाही, तोवर पिळलेला चीक गल्लीत वाटायचा, असं तिथे चालायचं. म्हणजे वासराचा घास गल्ली खरवस करून मटकावत होती, आणि मीही पातेलं घेऊन हजर! दवाखान्याच्या डॉक्टरांनी लंकाबाईला सांगितलं होतं, ही विषाणूची हगवण, त्या विषाणूवर सुई नाही. जन्मल्या जन्मल्या चीक पाजा, जागा कोरडी ठेवा, दुसऱ्या वासरांत बांधू नका. तिने त्याची पदराला गाठच मारून ठेवली होती.

आता कोरडी जागा आणायची कुठून? गोठा गळका, त्यात दिराची वासरं दाटीने बांधलेली. कोरडी एकच, घरापुढची पडवी. तिथे नवरा पुंजा खाट टाकून निजायचा. बाईने खाट उचलून गोठ्यात टाकली आणि पडवीत राख पसरून वासरू बांधलं. मी म्हटलं, "लंके, नवऱ्याला वनवास दिलास गं!" तर म्हणते, "वनवास कुठं, गाय हाय की सोबतीला."

एवढं करूनही वासराला हगवण लागलीच. पिवळी, पाण्यासारखी. डोळे खोल गेले. तिसरंही जातंय की काय! पण लंकाबाईचे हात थांबले नाहीत. कोमट मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट पाजायची, मधूनमधून दूध. वासराची बादली वेगळी, घाण लगेच उचलायची, हात धुतल्याशिवाय दुसऱ्या वासराला शिवायची नाही. कुसाबाई पुटपुटत का होईना, चुलीतली राख आणून द्यायला लागली.

आणि एका सकाळी वासरू उठलं, शेपटी वर करून थेट पुंजाचं वाळत घातलेलं धोतर चघळायला लागलं. लंकाबाई एवढी हसली, एवढी हसली, की डोळे पुसायला पदर पुरेना.

पुंजाने धोतर सोडवून घेतलं आणि लगेच मुद्द्यावर आला. "झालं ना बरं? मग माझी खाट आणतो पडवीत."

"अजून नाय. गोठा ओला हाय, वासरू नाजूक हाय."

"अन् मी?"

"तुमाला काय होतंय? तुमी आईचं दूध पोटभर पिलेलं."

पुंजाने मोठ्या आशेने आईकडे पाहिलं. कुसाबाईने तपकिरीची चिमूट नाकात सारली आणि म्हणाली, "लय पिलाय मेला. पळायला लागला तरी सोडत नव्हता."

पुंजाने मुकाट्याने घोंगडी खांद्यावर टाकली आणि गोठ्याकडे निघाला.