डाव्या कानातला तांदूळ

काठमांडूच्या विमानतळावर खिलबहादुर बस्नेतला खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं फार थोडी. हँगरमध्ये त्याचं नाव पडलं होतं 'होणारनाही दाजू', म्हणजे होणारनाही दादा. डोंगरातल्या आखूड धावपट्ट्यांवर जाणारी कंपनीची तीन विमानं त्याच्या सहीशिवाय जागची हलत नसत, आणि सही मागायला गेलेल्याला पहिलं उत्तर ठरलेलं असे: "होणार नाही." मग तो स्वतः जाऊन विमान बघे, परत बघे, आणि बहुतेक वेळा सही करून टाके. पण तोवर मागणाऱ्याचं अर्धं रक्त आटलेलं असे. त्याचा जोडीदार मेकॅनिक पूर्णकाजी सगळ्यांना सांगत सुटायचा, "दाजूंना लग्नात भटजींनी विचारलं, मुलगी पसंत आहे ना? तर म्हणाले, होणार नाही, आधी नीट तपासू दे." खिलबहादुरची बायको गोमा ही गोष्ट ऐकून दर वेळी पोट धरून हसायची आणि वर म्हणायची की साधारण तसंच झालं होतं.

माणूस मूळचा लामीडांडा या डोंगरातल्या गावचा. तिथे विमान येण्याआधी भोंगा वाजतो आणि धावपट्टीवर चरणारी गुरं हाकलावी लागतात. लहानपणी हे काम खिलबहादुरकडे होतं. एकदा एक म्हैस पट्टीच्या मधोमध बसली ती उठेचना. विमान वर घिरट्या घालून घालून शेवटी तसंच परत गेलं. गावातले सगळे वैमानिकाला शिव्या घालत होते, आणि हा पोरगा मात्र खूश. एवढं मोठं विमान, आत एवढी खोळंबलेली माणसं, आणि एका म्हशीसाठी ते गुमान माघारी फिरतं, याचं त्याला कोण कौतुक वाटलं! त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात विमानाशिवाय दुसरं काही शिरलं नाही.

पुढे तो शिकला, परवाना मिळवला, काठमांडूला राहिला, आणि इथेच सगळी गोची झाली. दसैंला, म्हणजे दसऱ्याच्या सणाला, सारा देश घरी जातो. आईबापांच्या हातचा टिळा कपाळाला लावून घ्यायचा असतो, कानामागे जवाची पिवळी रोपं खोचून घ्यायची असतात. त्या दिवसांत विमानाला क्षणाची उसंत नसते, म्हणून विमान तपासणाऱ्याला रजा नसते. वर्षानुवर्षं खिलबहादुरने दुसऱ्यांना घरी पोचवलं आणि स्वतः हँगरमध्ये बसून फोनवर आशीर्वाद घेतला. लामीडांड्याला त्याची आमा, म्हणजे आई, दर दसैंला टिळ्याचं ताट घेऊन धावपट्टीच्या कडेला उभी राहायची. न जाणो, आला तर. संध्याकाळी फोनवर म्हणायची, "तुझी विमानं आली रे बाबा. तू तेवढा नाही आलास." ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. ती साधं बोलायची, आणि हा हातातला घास परत ताटात ठेवायचा.

त्या वर्षी मात्र मॅनेजर ज्ञवालींनी त्याला दशमीच्या सकाळच्या विमानात दोन जागा दिल्या, एक त्याची, एक गोमाची. आमाला आता काठीशिवाय चालवत नव्हतं. "या वर्षी नाही गेलास तर तुझ्याऐवजी मी जाऊन टिळा घेईन," असं गोमाने त्याला स्पष्ट सांगितलं होतं.

आणि घटस्थापनेच्याच दिवशी वरून हुकूम आला. या जातीच्या विमानांत उंची दाखवणारी जी पेटी आहे, तिच्या एका खेपेत खोट निघाली आहे. थंडीत ती असते त्याहून जास्त उंची दाखवते. पेटी बदलून, तपासून घेतल्याशिवाय विमान उडवायचं नाही. सक्तीचा हुकूम होता, त्यात पळवाट नव्हती. कंपनीची तिन्ही विमानं त्याच खेपेतली निघाली.

ज्ञवालींनी कपाळाला हात लावला. "ऐन दसैंत! त्या साहेबलोकांना मुहूर्त बरा सापडतो. आपली पेटी आजवर कधी चुकली का?"

"हजूर, चुकेल तेव्हा सांगायला आपण नसू," खिलबहादुर म्हणाला. "सुई म्हणते डोंगर खाली आहे, आणि डोंगर असतो नाकासमोर."

खरं सांगायचं तर त्याला असे हुकूम मनापासून आवडत. कुठल्या लांबच्या देशात कुणाला तरी एक सुई खोटं बोलताना दिसली, आणि त्याने लामीडांड्याच्या विमानाला थांबवलं. ज्या माणसाने आपला डोंगर जन्मात पाहिला नाही, त्याला आपली काळजी! म्हशीला बघून माघारी फिरलेल्या त्या विमानाचीच ही जात, असं तो पूर्णकाजीला सांगायचा. पूर्णकाजी म्हणायचा, "दाजू, त्याला म्हशीच्या गोष्टीत ओढलेलं कळलं तर पुढची पेटी पाठवायचा नाही."

नव्या पेट्या सप्तमीला आल्या. दोघांनी जेवणखाण विसरून तिन्ही विमानांत त्या बसवल्या, यंत्र लावून तपासल्या. अष्टमीच्या संध्याकाळी तिसऱ्या विमानाच्या दोन्ही सुया, दोन वैमानिकांपुढे एकेक असलेल्या, अगदी जुळल्या तेव्हा खिलबहादुरने पूर्णकाजीच्या पाठीत असा धपाटा घातला की तो पुढे दोन दिवस पाठ चोळत होता.

नवमीला हँगरमध्ये पूजा. हत्यारांची, यंत्रांची, विमानांची. सगळ्यांची बायकापोरं नटूनथटून येतात, बोकडाऐवजी कोहळा कापतात, झेंडूच्या माळा पंख्यांना घालतात, आणि तांदूळ, दही, लाल रंग कालवून केलेला टिळा विमानाच्या नाकाला थापतात. खिलबहादुर त्याआधी एक काम न चुकता करी. विमानाच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक चकचकीत गोल चकती असते, तिला बारीक भोकं असतात. बाहेरची हवा त्या भोकांतून आतल्या पेटीपर्यंत जाते आणि त्यावरून पेटी उंची ओळखते. खिलबहादुर त्यांना विमानाचे कान म्हणायचा. लाल फीत लोंबणारी झाकणं तो कानांवर घट्ट बसवायचा, आणि मगच भटजींना पुढे येऊ द्यायचा. त्या वर्षीही त्याने ती बसवली. मग कोहळा कापला गेला, सगळ्यांनी पोटभर खाल्लं, पूर्णकाजी नाचला.

दशमीची सकाळ उजाडली. खिलबहादुर नवा दौरा-सुरुवाल आणि टोपी घालून आला. गोमाच्या हातात कड्यांसारख्या गोल, गोड सेलरोट्यांचा डबा. गंमत म्हणजे ज्या विमानाने जायचं, त्यावर शेवटची सही त्याचीच, आणि ती झाली की रजा सुरू. तो कोऱ्या कपड्यांतच आत चढला. कॅप्टन अस्मिता गुरुङ आसनावर बसलेली होती.

"दाजू, आज तरी पहिल्यांदा हो म्हणा," ती हसून म्हणाली.

त्याने दोन्ही सुया पाहिल्या. उजवी एक सांगत होती, डावी दुसरं. फरक नखाएवढा. त्याने काचेवर टिचकी मारली. सुई ढिम्म.

"होणार नाही," तो म्हणाला.

ज्ञवाली धावत आले. बाहेर रांगेत उभे असलेले प्रवासी कुजबुजायला लागले. "खिलबहादुर, अरे नखाएवढा फरक! तू स्वतः त्यात बसणार आहेस, तुझी बायको बसणार आहे. मग भीती कसली?"

"मी बसणार म्हणून सुई खरं बोलायला लागत नाही, हजूर."

"म्हणजे नवी पेटी पण फुटकी! बदली पेटी यायला तिहारची दिवाळी उजाडेल." ज्ञवालींनी अस्मिताकडे आशेने पाहिलं. तिने कानावरचा हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"दाजू म्हणतील तेव्हा," ती म्हणाली आणि खाली उतरली.

बाकीची दोन विमानं भरून केव्हाच गेली होती. पावसात खचलेला गावाकडचा रस्ता अजून तसाच होता. रेडिओवर टिळ्याचा मुहूर्त सांगत होते, आणि तो याच्या डोळ्यांदेखत सरून गेला. त्याने आमाला फोन लावला.

"आमा, विमानाचं जरा…"

"बरं," आमा म्हणाली. "मी पट्टीवरच आहे. घरी जाते." आणि फोन ठेवला.

खिलबहादुरचे डोळे भरून आले. त्याने ते लपवले नाहीत. सगळ्यांसमोर टोपी काढली, कोरे कपडे काढून घडी घातली, आणि कामाचा मळका वेष चढवला. गोमा डबा मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती.

"नेमकं झालंय काय?" तिने विचारलं.

"डावी सुई काल संध्याकाळी होती तिथेच बसली आहे. हवा बदलली, तिला पत्ताच नाही. डावा कान बंद झाल्यासारखा."

"डावा कान म्हणजे?"

"ती नाही का गोल चकती, लाल फितीखालची."

गोमाच्या मांडीवरचा डबा खाली पडला. सेलरोट्या हँगरभर घरंगळत गेल्या.

"त्या चकतीला… मी टिळा लावला," ती म्हणाली.

"झाकण होतं ना तिच्यावर!"

"होतं. काढलं मी. तोंड झाकून कुणी देवाची पूजा करतं का? आणि इतकं छान कपाळ दिसत होतं, गोल, चकचकीत. मी अंगठा दाबून लावला. म्हटलं, इतकी वर्षं माझ्या नवऱ्याला अडकवून ठेवलंस, आता एकदा आईकडे ने. मग तू ओरडशील म्हणून पदराने पुसला, आणि झाकण होतं तसं लावून ठेवलं."

खिलबहादुरचा चेहरा लाल झाला. पूर्णकाजी दोन पावलं मागे सरकला, कारण दाजूंचा राग त्याला ठाऊक होता. आणि मग खिलबहादुर हसायला लागला. हसता हसता खाली फरशीवरच बसला.

"अगं, नवस बोललीस त्याच्या कानात, आणि तोच कान बुजवलास! त्याला ऐकू कसं जाणार?"

गोमा आधी रडली, मग तीही हसायला लागली. पूर्णकाजी सेलरोट्या गोळा करता करता एकेक तोंडात टाकत होता. "आणि मी सकाळी झाकण काढलं, तेव्हा लालसर दिसलं," तो म्हणाला. "मला वाटलं, फितीचा रंग लागला असेल."

"तुझ्या पाठीत अजून एक धपाटा शिल्लक आहे," खिलबहादुर म्हणाला.

त्याने आतली नळी पेटीपासून सोडवली, म्हणजे पेटीला इजा नको, आणि आतून बाहेर हळूच हवा सोडली. काही होईना. पुन्हा सोडली. तेव्हा चकतीच्या एका भोकातून, सुकलेल्या दह्यात लपेटलेला, गुलाबी रंगाचा तांदळाचा एक तुकडा टप्पकन गोमाच्या तळहातावर पडला. पेटी बिचारी निर्दोष होती. परदेशी कंपनीला खरमरीत पत्र लिहायला बसलेल्या ज्ञवालींनी कागद हळूच खिशात कोंबला.

भोकं साफ करून, नळ्या जोडून, पुन्हा सगळी तपासणी होईपर्यंत दुपार झाली. डोंगरात तोवर वारा सुटला होता, आणि दुपारच्या वाऱ्यात लामीडांड्याला कुणी जात नाही. खिलबहादुरने स्वतःला घरी जायचं असूनही कुणाशी वाद घातला नाही. टिळा पौर्णिमेपर्यंत घेता येतो, एवढा दिलासा दसैंने माणसाला दिलेला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही सुया एकच बोलत होत्या. त्याने सही केली आणि आपल्याच विमानात प्रवासी म्हणून बसला. गोमाने वाटेत त्याचा हात सोडला नाही, आणि तो पूर्ण वेळ पुढच्या काचेतून सुया दिसतात का ते बघत होता.

लामीडांड्याला भोंगा वाजला, गुरं पांगली, चाकं टेकली. पट्टीच्या कडेला आमा काठी टेकून उभी होती, आणि शेजारच्या दगडावर ताट. मुहूर्त टळला तरी ती आजही आली होती. तो पायावर वाकला तेव्हा तिने आधी त्याचा कान पिळला, मग कपाळभर टिळा लावला आणि त्याच कानामागे जवाची रोपं खोचली. आशीर्वाद तिला पुरता म्हणता आला नाही. मधेच तिने त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि ती तशीच उभी राहिली.

मग गोमाला टिळा लावला. आणि मग ताट घेऊन, काठी टेकत, ती सरळ विमानाकडे निघाली.

"आमा, कुठे?"

"याला पण लावते. इतकी वर्षं यानं लोकांची पोरं आणली, आज माझं आणलं. केवढं छान कपाळ आहे बघ, गोल!"

खिलबहादुर असा धावला की टोपी मागे उडाली. त्याने डावी चकती दोन्ही तळहातांनी झाकली. "गोमा, उजवा कान!" तो ओरडला, आणि गोमा पदर सावरत पलीकडे पळाली. विमानाच्या नाकाला दोन्ही बाजूंनी नवराबायको चिकटून उभे, हे बघून गावातली पोरं टाळ्या पिटायला लागली.

आमाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्या हातांकडे. "हात काढ."

"नाही काढणार."

"बरं. मग असू दे," ती म्हणाली, आणि तिने त्याच्या हाताच्या पाठीवरच टिळा थापला. पलीकडे जाऊन गोमाच्या हातावरही.

कॅप्टन अस्मिता घड्याळ बघत आली. "दाजू, वारा सुटायच्या आत निघू का?"

"होणार नाही," आमा म्हणाली. "दसैंला दारात आलेली पोर टिळा घेतल्याशिवाय जात नसते. वाक खाली."

पलीकडून गोमाचा आवाज आला, "हे कुणाकडून आलंय, ते आज समजलं!"

अस्मिता वाकली. आमाने सावकाश तिच्या कपाळाला टिळा लावला, दाणा दाणा दाबून बसवला, आणि विमान मुकाट्याने थांबून राहिलं. खिलबहादुरने हात काढले नाहीत. टिळा वाळेपर्यंत तो तसाच विमानाचा कान धरून उभा होता.