हरबाकाकांचा पुकारा

वाचकहो, भूतबीत, करणी, झपाटणं यांवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही फारसा नाही. मी मास्तर माणूस, पोरांना गणित शिकवतो. पण जे स्वतःच्या कानांनी ऐकलं, ते नाकारू कसं?

दुसरं महायुद्ध संपलं त्या हिवाळ्यातली गोष्ट. वाशीमच्या जुन्या कचेरीची दुरुस्ती झाली – छपरावर नवे कवेलू, भिंतींना चुना – आणि काम सुरू होण्याआधी एका रविवारी ती लोकांना पाहायला खुली ठेवली. मी तेव्हा वाशीमलाच मास्तर; आमच्या गावाहून, किन्हीराजाहून, बाबांना आणि हरबाकाकांना मुद्दाम बोलावलं. सख्खे भाऊ, भाजीपाल्याचे मळे लागून, विहीर एकच, आणि अकरा वर्षांचा अबोला! जऊळक्याच्या स्टेशनावर दोघं एकाच डब्यात चढले आणि दोन खिडक्या धरून बसले.

भांडण याच कचेरीतलं. विहिरीच्या दाव्यात काका चपराशाच्या पुकाऱ्याला हजर झाले नाहीत, निकाल एकतर्फी बाबांच्या बाजूनं लागला. काका गावभर सांगत, "मी दारातच उभा होतो. पुकारा झालाच नाई. यानं चपराशी फितवला." बाबा म्हणत, "तीनदा झाला. हाच खोटा हाय." कचेरी पाहता पाहता दोघं बोलतील, अशी माझी भाबडी आशा. बोलले... पण माझ्यामार्फत.

"तुह्या काकाले सांग, पायरी उंच हाय."

"तुह्या बापाले सांग, मले दिसते."

अकराच्या सुमारास आम्ही कोर्टाच्या खोलीत होतो. बाबा बाकावर टेकले, काका दारात भुईमुगाच्या शेंगा फोडत उभे. तेवढ्यात त्यांच्या अगदी पाठीमागून, व्हरांड्यातून खणखणीत आवाज आला – "हरबाजी वल्द संपतजी, हाजीर हो!"

 पुन्हा तोच पुकारा. बाबांचा चेहरा पांढराफटक, आणि काका निवांत शेंगा खात होते!

चौकीदार धावत आला. "कोन पुकारून राह्यलं? आज कोर्ट बंद हाय. हा हरबाजी कोन?"

"मीच. काहून, मले कोनं बलावलं?" काका वळले. व्हरांडा रिकामा होता. आणि त्या रिकाम्या व्हरांड्यातून तिसरा पुकारा झाला. चौकीदारासकट आम्ही तिघं दचकलो. काका नुसते आमच्या तोंडांकडे पाहत राहिले.

बाबा उठून उभे राहिले. "हाजीर हाय," म्हणाले. मग थेट काकांना, "हरबा, तुले खरंच आयकू नाई आलं?"

"नाई, दादा. तवाबी नाई आलं." काका बाबांच्या जवळ आले. "म्हंजे तवा पुकारा झालता?"

"झालता."

काकांनी हातातल्या शेंगा बाबांच्या ओंजळीत टाकल्या. मला रडू आवरेना, आणि ते दोघं मलाच हसत होते. परतीच्या गाडीला सोडायला गेलो, तर स्टेशनावर मला एक शब्द बोलू देतील तर शपथ. गाडीची शिटी सगळ्यांच्या आधी काकांनी ऐकली, म्हणजे कानही शाबूत!

तो आवाज कोणाचा, आणि काकांनाच तो का ऐकू येत नव्हता, हे मला अजून उमगलेलं नाही. बाबांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "ते मले नाई ठाऊक. पन तवा मी आत बसून तीनदा आयकलं. माहा भाऊ दारात उभा हाय, हे मले दिसत होतं. एक हाक म्याच मारली असती, त काय बिघडलं असतं?"