जिलबी जेवेना

तर तो उंदीर गरम पाण्यात सोडला, इथवर काल सांगून झालं होतं. मेलेला हो! दुकानातून गोठवलेला आणायचा, कोमट करायचा आणि सापाला वाढायचा. इंग्लंडात बेसिंगस्टोकला माझ्या लेकीच्या, देवयानीच्या घरी साप पाळलाय. साप नातीचा, आश्लेषाचा. नात नऊ वर्षांची, मराठी तिथलं, मोडकंतोडकं. साप केशरी रंगाचा, वेटोळं घालून बसतो, म्हणून त्याचं नाव जिलबी. आमच्या शाळेत आढ्यावरून धामण पडली तेव्हा गुरुजीच आधी टेबलावर चढले होते. ही पोरगी साप मनगटावर घेऊन गृहपाठ करते!

पण तीन आठवडे झाले, जिलबी जेवेना. देवयानी डॉक्टर, तिनं बजावलेलं, "रविवारपर्यंत खाल्लं नाही तर दुकानात परत. मुका जीव आपल्या हातून मरायला नको."

आणि हाच तो रविवार. आश्लेषानं चिमट्यानं उंदीर पुढे धरला. जिलबीनं तोंड फिरवलं.

"याची एकादशी लांबली वाटतं," मी म्हटलं. पोरगी हसली नाही. डोळे भरलेले. ती हात धुवायला गेली तेवढ्यात मी उंदीर कागदात गुंडाळून बाहेरच्या बिनमध्ये टाकला आणि स्वयंपाकघरात जाहीर केलं, "खाल्ला बरं का! अख्खा!"

देवयानी खूश. दारात आश्लेषा. तिनं मला बिनकडे जाताना पाहिलं होतं.

"नाही खाल्ला, आई. आजोबा खोटा बोलतात."

"बाबा!"

"सवय नाही गं, म्हणून सापडलो."

देवयानीनं टॉर्च लावून पाहिलं. सापाच्या डोळ्यांवर निळसर साय. दुकानातल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, कात टाकायला आलाय, अशा वेळी जेवत नाहीत, हात लावू नका, थांबा.

आता थांबायचं म्हणजे काय, ते या पोरीकडून शिकावं. रोज पाणी बदलायची, काचेतून बघायची आणि निघून जायची. माझाच हात ढोसून बघायला शिवशिवायचा. नवव्या दिवशी अख्खी कात निघाली, पायमोजा उतरवावा तशी. दोन दिवसांनी उंदीर गट्टम!

मग मी विचारलंच, "काय गं, तुझ्यासाठी एवढं खोटं बोललो. गप्प बसली असतीस तरी जिलबी तुझ्याकडेच राहिला असता की. का सांगितलंस?"

"पण आजोबा, मग तो जेवत नाही हे कुणालाच कळला नसता ना."