आईची कुपा

साखरपा सोडलं तेव्हा एसटीत शेजारी बसलेल्या काकूंनी विचारलं, "कोल्हापूरला कोण आहे तुमचं?"

"एक मासा होता," मी म्हटलं. "तो गेला. त्याचा बिल्ला आणायला चाललेय."

काकू जरा खिडकीकडे सरकल्या.

त्यांचा काय दोष? रत्नागिरीला आम्ही कुप्यांच्या (ट्यूना माशांच्या) पाठीत नंबर आणि ऑफिसचा फोन छापलेला पिवळा बिल्ला टोचतो आणि त्यांना परत समुद्रात सोडतो. पुन्हा कुणाला सापडला, तर कुठे, कधी आणि केवढा, हे नोंदवायचं. मी सोडले ढीगभर. परत आला नाही एकही. ऑफिसात माझ्या कामाला 'समुद्राला देणगी' म्हणू लागले होते. असा राग यायचा! आणि परवा फोन आला, तोही बिद्रीहून, उसाच्या मुलखातून. मासा कुठे आणि कधी पकडला, ते मासा विकणाऱ्या कोल्हापूरच्या व्यापाऱ्याने सांगितलं. राहिली लांबी. ती नसेल तर मासा वाढला की नाही हे कळणार कसं? आणि मासा तर खाऊन झाला होता.

आंबा घाट चढून गाडी देशावर आली. कोल्हापूरच्या स्टँडवर गाडी बदलली आणि दुपारी बिद्रीत उतरले.

"या पावणं!" (पाहुणे) दारातूनच आरोळी आली. हा आनंदा, फोन करणारा, ऊस वाहणारा गडी. नव्या ट्रॉलीच्या जेवणासाठी त्यानेच कोल्हापुरातून तो अख्खा मासा आणला होता. बिल्ला त्याने म्हशीच्या दाव्याला बांधला होता, तो सोडून माझ्या हातात दिला.

"म्हशीच्या कानात असतोय न्हवं, तसलाच ह्यो. आमास्नी वाटलं, आता माशाचाबी विमा उतरवत्यात! म्हशीच्या डॉक्टरनं सांगितलं, ह्या नंबरावर फोन करा."

त्याच्या बायकोने, शोभाताईंनी, ताट वाढलं. "माशाचाबी असाच तांबडा रस्सा केलता, मटणाचा मसाला घालून."

"आणि कोकम?"

"ते कशाला?"

मी कोकणातली. तरी रस्सा ओरपला. डोळ्यांतून पाणी आलं, पण रस्सा झकास होता.

"मासा केवढा होता?"

आनंदाने दोन्ही हात फाकवले. शोभाताईंनी ते धरून जवळ आणले. "एवढा कुटला? एवढा!" शेजारच्या आजोबांनी तिसरंच माप दाखवलं. माझा धीर सुटला.

"आवो, स्टेटसला फोटो ठेवलता की!" आनंदाने मोबाइल काढला. दोघा भावांनी मासा नव्या ट्रॉलीच्या मागच्या फळीला टेकवून धरला होता. वर नाव रंगवलेलं. तोंड बरोबर 'आ'च्या सुरुवातीला, शेपटीचं बेचकं 'पा'च्या शेवटी. आम्हाला माप हवं असतं ते नेमकं तोंडापासून बेचक्यापर्यंत!

"ट्रॉली कुठे आहे?" मी उठलेच.

"कारखान्यावर, रांगेत. भाऊ गेलाय ऊस घिऊन. आत्ताच बघा, उद्या पेंटर नाव पुसणार हाय."

मोटरसायकलवरून कारखाना गाठला. समोर ट्रॉल्यांची ही लांब रांग! एकीवर 'आईची कृपा', दुसरीवर 'आईची कृपा', तिसरीवरही तेच.

"आता तुमची कशी ओळखायची?"

"आमची लांबनं वळखती, ताई. वाचा की नीट."

वाचलं. 'आईची कुपा'.

"पेंटरनं घोळ केला," आनंदा ओशाळून म्हणाला. "सारं गाव हसतंय. म्हणून तर पुसायचं."

"अहो, पण त्या माशाचं नावच कुपा आहे!"

तो मांडीवर थाप मारून ओरडला, "नाद खुळा!"

टेपचं एक टोक त्याने 'आ'वर धरलं, दुसरं मी 'पा'वर. फोटो बघत दोनदा मोजलं. मी सोडला होता त्याहून मासा चांगला वीतभर वाढला होता. माझा मासा जगला होता, पोहला होता, वाढला होता! मी चक्क उडी मारली. काय झालं ते न कळताही ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवले.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीत साहेबांनी नोंद वाचली. "लांबी कशावर मोजली म्हणायची?"

"ट्रॉलीवर," मी फोटो पुढे केला. ते हसले आणि त्यांनी सही केली. 'समुद्राला देणगी' हे शब्द मग कुणी काढले नाहीत. समुद्राने परत केलं होतं, फक्त घाट चढून आणायला जावं लागलं.

संध्याकाळी आनंदाचा फोन आला.

"ताई, पेंटर आलता डबा-ब्रश घिऊन."

"मग? पुसलं नाव?"

"न्हाय वो. चहा पाजला आन् माघारी धाडला."